कुत्र्या-मांजराला आजारी पडायच्या आधी डॉक्टरला दाखवा

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कुत्रा चावल्याच्या बातम्या सारख्या येतात, वाचकांची पत्रंही येतात, महापालिका काय करतेय म्हणून लोक विचारतात आणि ते विचारायलाच पाहिजे. पण या सगळ्यात दारात बांधलेल्या कुत्र्याचं आणि घरात झोपणाऱ्या मांजराचं काय, यावर कोणच बोलत नाही. माझं सांगणं एवढंच आहे की पाळलेलं कुत्रं-मांजर वर्षातनं एकदा तरी डॉक्टरला दाखवून आणा, आणि ते आजारी पडल्यावर नव्हे, खाऊनपिऊन ठणठणीत असताना दाखवा. सात-आठ वर्षांच्या पुढचं असलं तर सहा महिन्यांनी एकदा. आता कोण म्हणेल हे पैसेवाल्यांचे लाड झाले, तर तसं नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर लिहिते, जागा असेल तेवढं छापा.

आपल्या भागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात, जनावर कसं सांभाळायचं हे कुणाला शिकवायची गरज नाही. म्हशीनं सकाळी वैरण सोडली, रवंथ केली नाही, दूध अर्धा लिटर कमी दिलं तरी घरातल्या बाईला आधी कळतं की कायतरी बिनसलंय, आणि दुपारच्या आत डॉक्टरला फोन गेलेला असतो. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला सहा महिन्यांनी सरकारी माणसं गोठ्यात येतात, जनावराच्या कानात बिल्ला असतो, नोंद होते. 2022 ला लंपी आला तेव्हा गाईंना लस मिळावी म्हणून लोकांनी किती धावपळ केली ते सगळ्यांनी बघितलंय. आणि त्याच गोठ्याच्या दाराशी साखळीला जे कुत्रं बांधलेलं असतं, रात्रभर त्या म्हशीची राखण करतं, त्याला जन्मल्यापासून एक इंजेक्शन झालेलं नसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, त्याला काय झालंय, धडधाकट तर आहे. म्हशीचा आजार दुधात दिसतो हो, कुत्र्याचा कशात दिसणार?

हीच खरी अडचण आहे. कुत्रं आणि मांजर दोन्ही दुखणं अंगावर काढतात, दाखवत नाहीत. मांजर तर फारच. वयस्कर मांजरांत किडनीचा आजार खूप आढळतो, आणि रक्तात क्रिएटिनीन (किडनीनं बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण पाऊण काम बंद पडलेलं असतं. तोपर्यंत घरच्यांना काय दिसतं? मांजर जरा जास्त पाणी पितंय, जरा बारीक झालंय, वय झालं म्हणून झालं असेल. दरवर्षी वजन लिहून ठेवलेलं असेल आणि लघवी तपासलेली असेल तर हे बरंच आधी लक्षात येतं, मग खाणं बदलून, औषध देऊन ते जनावर पुढे चांगलं जगू शकतं. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो वजन उतरलं तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण म्हणजे अंगाचा आठवा हिस्सा गेला.

डॉक्टर तपासतात म्हणजे नक्की काय करतात हे लोकांना माहीत नाही म्हणून पण लोक जात नाहीत असं मला वाटतं. आमच्या शेजारच्या मामांचं मुधोळ कुत्रं आहे, शेतावर असतं. त्याला वर्षाचं इंजेक्शन द्यायचं होतं म्हणून मामांबरोबर मीही बेळगावला दवाखान्यात गेले होते. इंजेक्शन दोन सेकंदाचं काम, आधीची तपासणीच पंधरा-वीस मिनिटं चालली. आधी वजन केलं. मग डॉक्टरांनी ओठ वर करून दात बघितले, हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. दाबल्यावर हिरडी पांढरी पडते आणि सोडली की दोन सेकंदाच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. याची हिरडी मुळातच फिकट होती. मग जबड्याखालच्या गाठी, गुडघ्याच्या मागच्या गाठी चाचपल्या, पोट दाबून बघितलं, कानात बॅटरी मारली, शेपटीखाली थर्मामीटर लावला. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर आपल्यापेक्षा जास्त असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइटच्या आसपास, त्यामुळे हात लावून ताप कळतो हे डोक्यातनं काढून टाका. शेवटी पायाची बोटं फाकवली तर बोटांच्या बेचक्यात गोचीड, एकाला एक लागून बसलेले, काही फुगून राखाडी झालेले.

“मामा, हे कधीपासनं आहेत?”

“असतात की एखाद-दुसरं, शेतात फिरतंय म्हटल्यावर.”

डॉक्टर म्हणाले इंजेक्शन आज नको, आधी रक्त बघू. रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एकदम खाली. गोचिडाचा ताप, म्हणजे एर्लिकिया. जेवण तर अजून सोडलं नव्हतं त्यानं, रात्री भुंकतही होतं. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या महिनाभर चालल्या आणि कुत्रं वाचलं. याच दुखण्यात उशीर झाला की नाकातनं रक्त येतं, पायांना सूज येते, कधी रक्त चढवायची पाळी येते आणि कुत्र्याला रक्त देणारं दुसरं कुत्रं आयत्या वेळी कुठनं आणायचं? त्या दिवशी मामा फक्त इंजेक्शनसाठी गेले होते म्हणून हे सापडलं.

गोचिडाबद्दल जरा जास्तच लिहिते कारण आपल्याकडे हा मोठा विषय आहे आणि लोकांचे उपाय बघून काळजी वाटते. निपाणी भाग तंबाखूचा, त्यामुळे तंबाखूचं पाणी करून कुत्र्याला आंघोळ घालायची ही पद्धत अजून आहे. कुत्रं अंग चाटतं, ते निकोटीन पोटात जातं आणि कातडीतनंही थोडं आत जातं, थरथर सुटते, उलट्या होतात, दगावूही शकतं. कोण रॉकेल चोळतं. कोण गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओततं. गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन उरलं म्हणून कुत्र्याला टोचतात, आणि कोली जातीची किंवा त्या वळणाची कुत्री असली तर ते औषध थेट मेंदूपर्यंत पोचतं, कुत्रं आंधळ्यासारखं धडपडायला लागतं, बेशुद्ध पडतं. बरं एवढं करूनही गोचीड जात नाहीत, कारण कुत्र्यावरचा हा तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाला की खाली उतरतो आणि भिंतीच्या फटीत जाऊन अंडी घालतो, एकेक मादी हजारांनी घालते. आपल्याकडच्या जुन्या चिऱ्याच्या भिंती, मातीच्या भिंती, फटीच फटी. म्हणजे कुत्र्याला डॉक्टरनं वजनाप्रमाणं दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध, आणि त्याचबरोबर कुत्रं बसतं त्या जागेच्या फटी बुजवणं, फवारणी करणं, दोन्ही पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. घरात दोन्ही असतील तर डॉक्टरला आधी सांगा.

मुधोळचा विषय निघालाच आहे तर. हे कुत्रं आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जात जपली आणि वाढवली, 2005 साली पोस्टानं या कुत्र्याचं तिकीट काढलं, लष्करानंही ही कुत्री घेतली. आपल्याकडे याला कारवानी पण म्हणतात. अंगानं मुळातच सडपातळ, बरगड्या दिसणारंच, त्यामुळे ते खरंच खंगलंय की त्याची ठेवणच तशी आहे हे घरच्यांना कळत नाही. लॅब्राडॉरचं उलटं, गुबगुबीत दिसलं की लोकांना बरं वाटतं आणि त्याचे सांधे तिकडे जातात. वजनाची नोंद असली की दोन्हीचा प्रश्न सुटतो.

आता लसीचं. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, त्यात डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ असे बरेच रोग येतात, लोक सेव्हन इन वन, नाइन इन वन म्हणतात ती. मग तीन-चार आठवड्यांनी परत, आणि पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत हे चालतं. एवढ्या वेळा कशाला, डॉक्टर पैसे काढतात, असं बोलणारे मी खूप ऐकलेत. कारण साधं आहे आणि म्हशी पाळणाऱ्याला ते लगेच पटेल. रेडकाला चीक पाजतो ना आपण, पाजला नाही तर रेडकू धरत नाही हे माहीत असतं, कारण आईची रोगाशी लढायची ताकद त्या चिकातनं जाते. पिल्लाचंही तेच. पण आईकडनं आलेली ती ताकद अंगात आहे तोवर ती लसीलाही काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून ठरावीक अंतरानं परत परत टोचतात, म्हणजे ती ओसरल्यावरचा एक तरी डोस बरोबर लागू पडतो. एकच टोचून बंद केलं की पिल्लू मध्येच उघडं पडतं, आणि पार्व्हो तेवढीच वाट बघत असतो. रक्ताची हगवण, उलट्या, एक-दोन दिवसांत पिल्लू चिपाड होतं. हा व्हायरस जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनेलनं मरत नाही, ब्लीच लागतं. ज्या घरात पार्व्होनं पिल्लू गेलंय तिथं लगेच दुसरं बिनलसीचं पिल्लू आणू नका हो, मुलं रडतात म्हणून आणलं जातं आणि तेही जातं.

लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाची लसही याच सेव्हन इन वन सारख्या इंजेक्शनात बहुतेक वेळा असते आणि तिचा असर साधारण वर्षभरच राहतो. खानापूरकडचा पाऊस, भाताची खाचरं, उंदीर, साठलेलं पाणी, हे सगळं लेप्टोला पोषक. उंदराच्या मुतातनं पसरतो, कुत्र्याला होतो, माणसालाही होतो, किडनी आणि लिव्हर दोन्हीवर बसतो. म्हणून वर्षाची लस पावसाच्या आधी, मे महिन्यात उरकलेली बरी.

रेबीजबद्दल मात्र मला पोटतिडकीनं लिहायचंय. एकदा लक्षणं दिसली की औषध नाही, माणूस असो की जनावर, मरण जवळजवळ ठरलेलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की माणसाला होणारा रेबीज 99 टक्के कुत्र्यांकडनंच येतो. आणि याची लस पाश्चरनं 1885 सालीच माणसाला दिली, म्हणजे उपाय हातात असून शंभर वर्षं कधीच उलटली. कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली, पुढची डॉक्टर सांगतील त्या तारखेला, मग दरवर्षी. मांजरालाही तीच. मांजराला कशाला म्हणतात लोक, पण मांजर रात्रभर बाहेर फिरतं, कुत्र्यांच्या तावडीत सापडतं, चावून घेऊन येतं आणि सकाळी पोरांच्या अंथरुणात शिरतं.

पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की धावून अंगावर येणारंच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. कुत्रं एका कोपऱ्यात गप बसतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि माया म्हणून माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. म्हशीला-गाईला रेबीज झाला तरी असंच दिसतं आणि शेतकरी असाच हात घालतो. असं कधी दिसलं तर हात घालू नका, डॉक्टरला बोलवा, आणि लाळ लागलीच असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ दवाखाना गाठा. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही.

आणि लसीचं पुस्तक जपून ठेवा. त्यात नुसती तारीख नको, बाटलीवरचं स्टिकर चिकटवून घ्या, त्यावर बॅच नंबर असतो, खाली डॉक्टरची सही. उद्या तुमचं कुत्रं कुणाला चावलं तर पहिलं तेच विचारतात, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, आणि गल्लीतली भांडणं त्या एका पुस्तकानं मिटलेली मी बघितली आहेत. चावलेल्या माणसानं मात्र या दहा दिवसांची वाट बघायची नाही, आपली इंजेक्शनं लगेच सुरू करायची. मेडिकलमधनं लस आणून घरी टोचणारेही आहेत. लस 2 ते 8 डिग्रीत ठेवावी लागते. दुकानात लाईट किती वेळ गेली होती, तुम्ही ती बाटली दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीतनं कशी आणली, त्यात काय राम उरला असेल? आणि घरी टोचलं तर तपासणी राहिलीच, जी मुख्य गोष्ट.

मांजरांचं थोडं वेगळं लिहायला हवं. आपल्याकडे मांजर दवाखान्यात न्यायची पद्धतच नाही, उंदीर मारते, दूध-भात खाते, बस्स. नुसत्या दूध-भातावर मांजर नीट जगत नाही, तिला टॉरिन नावाचा घटक मांस-मासळीतनंच मिळतो, तो मिळाला नाही तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. ज्या घरात मांसाहार चालत नाही त्यांनी मांजराचं तयार खाणं तरी आणावं. बोका असेल तर लघवीवर लक्ष ठेवा. सारखा बसतोय, ओरडतोय आणि थेंब पडत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका, मूत्रमार्ग बंद पडलेला असतो आणि एक-दोन दिवसांत बोका दगावतो. त्याच तासाला न्यायचं. मांजरांची तीन रोगांची एकत्र लस असते, आठ आठवड्यांपासनं सुरू होते, पुढे डोस असतात.

नेताना मात्र पोत्यात घालून नेऊ नका. सिमेंटच्या पोत्यात तोंड बांधून गाडीला लटकवून आणलेली मांजरं मी दवाखान्यात बघितली आहेत, आत नुसती धाप. अशा मांजराची छाती तपासून डॉक्टरला तरी काय कळणार. झाकणाची प्लास्टिकची बास्केट घ्या, आठवडाभर आधी घरातच उघडी ठेवा, आत जुना टॉवेल टाका, त्यात एखादा बोंबलाचा तुकडा ठेवा, आपणहून जाऊन झोपायला लागते. कुत्र्याला गळ्यात पट्टा आणि तोंडाला मऊ सुती पट्टी बांधली की पुरे. जाताना त्याची थोडी विष्ठा लहान डबीत न्या, जंत कुठले आहेत ते त्यात बघता येतं. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी अंगणातल्या मातीत पडतात आणि त्याच मातीत पोरं खेळून तोंडात बोटं घालतात, म्हणून मोठ्या कुत्र्यालाही तीन महिन्यांनी जंताचं औषध पाहिजे, तेही वजनाप्रमाणं.

औषधावरनं आठवलं, घरातली तापाची गोळी. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीसुद्धा. तिच्या शरीरात ती पचवायची सोयच नाही. तोंड सुजतं, हिरड्या निळसर-तपकिरी होतात, धाप लागते. माणसांची दुखण्यावरची डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन कुत्र्यालाही देऊ नका, पोटात अल्सर होतात, किडनी जाते. तसंच बेदाणे आणि द्राक्षं. अथणी, विजापूर, तासगावकडनं आपल्याकडे पेटीच्या पेटी येतात, पोरं कौतुकानं कुत्र्याला चारतात, त्यानं कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. कांदा-लसणाच्या रश्शात कुस्करलेली भाकरी रोजची, तीही नको, कांद्यानं रक्त कमी होतं. या गोष्टी वर्षाच्या तपासणीत बोलता बोलता निघतात, डॉक्टर विचारतात काय खाऊ घालता म्हणून, आणि तिथंच निम्मं काम होतं.

नसबंदीचा विषय मी टाळणार नाही. मादी कुत्रीची नसबंदी वेळेवर केली तर गर्भाशयात पू होण्याचा धोकाच जातो, आणि पहिल्या माजाच्या आधी केली तर सडांच्या गाठींचा धोका खूपच कमी होतो. न केलेल्या मोठ्या वयाच्या कुत्रीला माजानंतर महिन्या-दोन महिन्यांत ती सुस्त पडली, पाणी जास्त प्यायला लागली तर गर्भाशय तपासावंच लागतं. आणि खरं सांगायचं तर रस्त्यावरची बरीच कुत्री आपल्याच दारातली आहेत. घरातल्या कुत्रीला सहा-सात पिल्लं होतात, दोन नर लोक नेतात, उरलेल्या माद्या खोक्यात घालून बाजाराच्या कडेला, नाहीतर गावाबाहेर हायवेला सोडतात. मग दोन वर्षांनी पेपरात पत्र लिहायचं की कुत्री वाढली. 2023 च्या केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही पाळीव जनावराला जंताचं औषध, लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी धरलेली आहे.

आता सरकारकडनं काय पाहिजे ते. खेड्यातली अडचण मला माहीत आहे. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर एकटे, त्यात दहा-पंधरा गावं, सकाळी गेलं तर ते कुठल्यातरी अडलेल्या म्हशीकडे गेलेले असतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. खाजगी दवाखाने सगळे बेळगाव शहरात. बसमध्ये कुत्रं घ्यायचं म्हटलं की कटकट, रिक्षावाला नको म्हणतो. 1962 या नंबरला फोन केला की फिरता दवाखाना येतो, पण तो मुख्यतः गुरांसाठी. मग माझी साधी मागणी अशी आहे की लाळ्या-खुरकुताची लस घेऊन जी टीम सहा महिन्यांनी दारोदार फिरते, त्यांच्या खांद्यावर बर्फाचा डबा असतोच, त्याच डब्यात रेबीजच्या लशी ठेवा. गोठ्यात आलेच आहेत तर त्या दोन फेऱ्यांतल्या एका फेरीला दाराशी बांधलेल्या कुत्र्याला आणि घरातल्या मांजरालाही टोचून जातील. रेबीजची लस थंडाव्यात ठेवायची पद्धत तीच, माणसं तीच, गाडी तीच, घरोघरची यादी त्यांच्याकडे आहेच. फक्त लस आणि वरचा हुकूम पाहिजे. ग्रामपंचायतीनं आदल्या दिवशी दवंडी द्यावी, स्पीकर लावावा, म्हणजे त्या दिवशी कुत्री बांधून ठेवता येतील.

दुसरं म्हणजे लसीकरण शिबिराचे बोर्ड. जागतिक रेबीज दिनाला, 28 सप्टेंबरला, बऱ्याच सरकारी दवाखान्यांत फुकट लस देतात, पण आमच्या भागातल्या कितीतरी आज्ज्यांना, मामा-मावश्यांना त्याचा पत्ताच नसतो कारण बोर्ड फक्त कन्नडमध्ये असतो. कन्नड असूद्या की, त्याखाली चार ओळी मराठीतही लिहा. रोग भाषा बघून येत नाही आणि लस जास्तीत जास्त दारांपर्यंत पोचली तरच गाव सुरक्षित होतं. युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनीही हे अंगावर घ्यावं. गल्लीत कुत्री किती, मांजरं किती, कुणाची लस कधी झाली एवढी एक वही ठेवली तरी डॉक्टर एका रविवारी येऊन अख्खी गल्ली करून देतील, एकेकट्याचा येण्याजाण्याचा खर्च वाचेल.

तुमच्याकडे एक विनंती. मे महिन्यात, पावसाच्या आधी, कुत्र्या-मांजरांच्या लसींचं वेळापत्रक एका चौकटीत छापा, लोक ते कापून भिंतीला चिकटवतील. आणि तालुक्याच्या दवाखान्यात फुकट लसीकरण कधी आहे ते आठवडाभर आधी छापा, त्याच दिवशी नको. त्याच दिवशी छापलं तर पेपर गावात पोचेपर्यंत शिबिर संपलेलं असतं.

कळावे,

आपली एक नियमित वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव